माझ्या पाण्यात त्या अळ्या नव्हत्या

मित्रांनो, मी एक जुनी पाणथळ. पुढे 'आहे' म्हणावं की 'होते', हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना एक फाटा लागतो. तिथून आत दोन-अडीच कोसांवर लव्हाळवाडी आहे. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, साधारण अठरा एकरांवर मी पसरलेली होते. तुमच्या पुस्तकात माझ्यासारखीला पाणथळ म्हणतात. गावात मला सगळे चिबड म्हणायचे. 'चिबडाकडं जाऊ नको, फसशील,' हे आया लेकरांना सांगायच्या. तलाठ्याच्या कागदावर तर तेवढंही नाव नव्हतं. तिथे माझ्यापुढे 'पड' हा एकच शब्द होता. पड म्हणजे जिथे काही होत नाही अशी जमीन.

मला कुणी बांधलं नाही. चारठाण्याची देवळं निदान कुणीतरी घडवली, म्हणून लोक लांबून ती बघायला येतात. मी टेकड्यांवरून वाहून आलेल्या मातीची आणि पाण्याची. खाली काळा खडक, त्यावर चिकण गाळ, त्यावर गुडघाभर पाणी, आणि पाण्यात लव्हाळा. या लव्हाळ्यावरूनच गावाला नाव मिळालं. पण गावाचं नाव माझ्यावरून आहे, हे गावातल्या कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे.

माझं काम काय होतं, ते सांगते. पावसाळ्यात टेकड्यांवरचं पाणी धावत खाली यायचं. मी त्याला अडवायचे, पसरवायचे, त्याच्यातली माती खाली बसवायचे. मग ते पाणी सावकाश जमिनीत मुरायचं आणि थोडं थोडं ओढ्यात उतरायचं. ओढा पुढे पूर्णा नदीला मिळतो. माझ्याखाली आधी गाव, आणि गावाच्याही खाली, ओढ्याच्या काठाला, बौद्ध वस्ती. वस्तीतल्या विहिरीला ऐन मे महिन्यात दोन पुरुष पाणी असायचं. लोक म्हणायचे, विहिरीचे झरे चांगले आहेत. ते झरे वर कुठून भरतात, हे बघायला कुणी टेकडी चढून आलं नाही.

हिवाळ्यात येलदरी धरणाच्या बाजूने चक्रवाक यायचे. लांब लाल पायांचे शेकाटे तर वर्षातले आठ महिने माझ्याकडेच असायचे. मरळ मासे होते, खेकडे होते, दिवड साप होते, आणि बेडूक तर इतके, की भाद्रपदात शाळेतल्या सरांना खिडकी लावून शिकवावं लागायचं. पाण्यावर चतुर घिरट्या घालायचे. चतुर डास खातात, त्यांची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात, आणि उरलेल्या अळ्या मासे खातात. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्यावर पुढे जो आळ आला, त्याचं उत्तर यातच आहे. पण ते कुणी मला विचारलं नाही.

गावात मला मनापासून ओळखणारी एकच बाई होती. खालच्या वस्तीतली दगडाबाई. वय साठीच्या पुढचं. लुगड्याचा ओचा वर खोचून ती पाण्यात उतरायची, विळ्याने लव्हाळा कापायची, काठावर वाळत घालायची आणि त्याच्या चटया विणायची. बाळंतिणीच्या खोलीत दगडाबाईची चटई असायचीच. कापताना ती नेहमी एक पट्टा सोडून द्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "टिटवीनं अंडी घातली आसतील. समदंच आपल्याला कशाला पायजे?"

तिची सून सुकेशनी गावाची आशाताई होती. दारोदार फिरून ती तापाच्या रोग्यांची चौकशी करायची, गरोदर बायांना तपासणीला न्यायची आणि पावसाळ्यात घरोघरची पाण्याची भांडी उघडून बघायची. संध्याकाळी सासूचे भारे उचलायला ती माझ्या काठावर यायची. दिवसभरात काय घडलं ते दोघी बसून बोलायच्या. गावातलं जे काही मला कळलं, ते बरंचसं या दोघींच्या तोंडून.

आणि सृष्टी. भगवानरावांची नात, दुसरीत शिकणारी. शाळा माझ्या काठालाच होती. शाळा सुटली की ती दगडाबाईजवळ येऊन उभी राहायची. दगडाबाई लव्हाळ्याची एक काडी दुमडून तिला अंगठी करून द्यायची. दुसऱ्या दिवशी ती सुकायची, मग नवी. भगवानराव गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना बापू म्हणायचे. माझी वरची निम्मी जागा त्यांच्या मालकीची, खालची निम्मी गावाची. ते स्वतः रोज नातीला न्यायला यायचे. ही अंगठी घातलेली बोटं ती आजोबांपुढे नाचवायची आणि ते म्हणायचे, "वा! सोन्याचीच की." तो माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

त्या वर्षी श्रावणात सुकेशनी एका संध्याकाळी आली ती चिडूनच.

"आत्या, बापूच्या घरच्या टाकीत अळ्या हायत. बॅटरी मारून बघितलं म्या. वळवळ करायल्यात नुसत्या."

"कोणती टाकी?" दगडाबाईने विचारलं.

"मागल्या दाराची, शिमिटाची. राजेश्रीवहिनीला म्हणलं, टाकी रिकामी करा, घासा, एक दिवस कोरडी ठिवा. तर म्हणली, नळ आठ दिसाला येतो, एवढं पाणी सांडू कसं?"

राजेश्री म्हणजे सृष्टीची आई, भगवानरावांची सून.

"तिचं बी खरंच हाय," दगडाबाई म्हणाली.

"खरं हाय. पण अळ्यांला ते कळायलंय का?"

दुसऱ्या दिवशी सुकेशनी प्लास्टिकची बाटली घेऊन आली. माझ्या कडेच्या उथळ पाण्यातून तिने पंधरा-वीस बारके गप्पी मासे धरले. पाणी सांडायचं नसेल तर टाकीत हे सोडले तरी भागतं, ते अळ्या फस्त करतात. मला तेव्हा अभिमान वाटला. माझी लेकरं कुणाच्या तरी उपयोगी पडणार होती.

संध्याकाळी बाटली तशीच परत आली. सुकेशनीने ती माझ्या पाण्यात उपडी केली.

"नको म्हणली?" दगडाबाईने विचारलं.

"पिण्याचं पाणी हाय म्हणली. मासे नको, आन्‌..."

"आन्‌ काय?"

"आन्‌ काही न्हाई. मी टाकीवर चढायला लागले, तर म्हणली, ऱ्हाऊ द्या ताई, तुमी हात घालू नका."

दगडाबाईने हातातली काडी मोडली. दोघींनाही त्या वाक्याचा अर्थ नीट कळला होता. मलाही कळला. माझ्या पाण्यात गावातला प्रत्येक माणूस, प्रत्येक जनावर उतरलं होतं, आणि पाण्याने कुणाचीच जात विचारली नव्हती.

भाद्रपदात सृष्टीला ताप आला. तिसऱ्या दिवशी जिंतूरला नेलं, पाचव्या दिवशी परभणीला. सातव्या दिवशी शाळा भरली ती प्रार्थना न म्हणताच सुटली. डेंग्यू होता.

दगडाबाई त्या दिवशी पाण्यात उतरली नाही. काठावर बसून राहिली.

पंधरवड्यानंतर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. मी तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून सगळं ऐकू आलं. भगवानराव उठले. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. ते म्हणाले, "माझं लेकरू रोज त्या चिबडापाशी खेळायचं. तिथंच तिला डास चावला. उद्या तुमच्या लेकराला चावंल. एक तर हे चिबड गावात ऱ्हाईल, न्हाई तर मी."

कुणी हुंदका दिला. कुणी म्हणालं, बापू बरोबर बोलायलेत. कुणी म्हणालं, कशाला पाहिजे ती घाण. सर म्हणाले, मुलांना खेळायला मैदानही होईल.

सुकेशनी बायांच्या घोळक्यात मागे बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, आणि मासे-बेडकांनी भरलेल्या पाणथळीत त्याचा निभाव लागत नाही. कोणत्या घरातल्या कोणत्या टाकीत तो वाढत होता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिच्याकडे बघत होते. मला तोंड नव्हतं, तिला होतं. एकदा ती उठलीही. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. समोर राजेश्री बसली होती, भिंतीला टेकून, डोक्यावरून पदर घेतलेली. तिने वर पाहिलं. दोघींची नजरानजर झाली.

सुकेशनी खाली बसली.

ठराव झाला. कुणीही विरोध केला नाही, असं त्यात लिहिलं गेलं.

दिवाळी झाली आणि टिप्पर आले. शेजारची टेकडी कोरून तिचा मुरूम माझ्यावर ओतायला लागले. पहिले चार दिवस मी तो गिळला. गाडीमागून गाडी आत जात होती आणि ड्रायव्हर एकमेकांना म्हणत होते, "काय खोल हाय रं हे!" मग मी भरत गेले. मासे उरलेल्या पाण्यात गोळा झाले, तेव्हा लोकांनी टोपल्यांनी ते भरून नेले. गावात दोन दिवस कालवण झालं. कासवं मुरमाखालीच राहिली. चक्रवाक त्या हिवाळ्यातही आले, वरून दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेले.

यानंतर जे घडलं ते सांगताना मला अजूनही राग आवरत नाही. फेब्रुवारीच्या दोन तारखेला जागतिक पाणथळ दिन असतो. वरून पत्र आलं होतं, तेव्हा शाळेला तो साजरा करावा लागला. भरलेल्या भागावर मांडव घातला, कारण तिथे आता सपाट जागा झाली होती. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगाचं तळं काढलं, त्यात गुलाबी कमळं काढली. मुलांनी 'पाणथळ जागांचे महत्त्व' या विषयावर निबंध वाचले. पाणथळ जागा म्हणजे धरतीची मूत्रपिंडे होत, असं एका मुलीने अगदी न अडखळता म्हटलं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. भाषणं नीट ऐकू यावीत म्हणून टिप्पर दोन तास थांबवले होते. टाळ्या झाल्या, लाडू वाटले, मांडव काढला. मग टिप्पर पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, त्या मुलीवर माझा राग नाही. पण तिच्या पायाखाली मी होते.

उन्हाळ्याच्या आत काम संपलं. गावाच्या बाजूला सभागृहाचा पाया घेतला. भगवानरावांना खरं तर तिथे काहीच करायचं नव्हतं. नुसतं भरायचं होतं, डोळ्यांसमोरून घालवायचं होतं. पण सपाट जमीन रस्त्याला लागून आहे म्हटल्यावर लोक येऊ लागले, मुलगा मागे लागला, आणि त्यांच्या बाजूला प्लॉट पडले. जिथे शेकाट्यांची घरटी असायची तिथे पांढऱ्या चुन्याच्या रेघा आल्या.

पुढच्या जुलैत टेकड्यांवर एका दुपारी जोराचा पाऊस झाला. असे पाऊस मी शेकड्यांनी पाहिले होते. पाणी नेहमीसारखं धावत आलं. त्याला अडवायला मी नव्हते. ते मुरमावरून घसरत थेट गावातून गेलं आणि खालच्या वस्तीत शिरलं. अकरा घरांत कमरेएवढं पाणी. दगडाबाईच्या घराची मागची भिंत बसली. विणून ठेवलेल्या चटया वाहून ओढ्याला लागल्या. माणसं वाचली, कारण दिवस होता. भगवानराव दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत आले, धान्याची पोती घेऊन. दगडाबाई त्यांना म्हणाली, "बापू, पाणी ह्या वाटेनं कधी आलं न्हवतं." ते म्हणाले, "पाऊसच लय झाला, मावशे."

लव्हाळा नाही तर चटई नाही. दसऱ्यानंतर दगडाबाई पाथरीला लेकीकडे गेली. सुकेशनी सांगत होती, तिथे ती प्लास्टिकच्या चटईवर निजते आणि पाठ दुखते म्हणून कुरकुर करते.

मग उन्हाळा आला. वस्तीची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. एप्रिलमध्ये भगवानरावांची शेतातली विहीर गेली. मेमध्ये गावात टँकर सुरू झाला. टँकर चार दिवसांआड यायचा, म्हणून ज्या घरात एक टाकी होती तिथे तीन झाल्या. निळे ड्रम, सिमेंटच्या टाक्या, रांजण, जुन्या रंगाचे डबे, जे मिळेल त्यात लोकांनी पाणी धरलं. सुकेशनी दारोदार फिरून सांगत राहिली, झाका, घासा, कोरडा दिवस पाळा. लोक म्हणाले, ताई, पाणी हाय कुठं कोरडं करायला?

तुम्ही हुशार आहात. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्या पावसाळ्यात गावात एकोणीस जणांना डेंग्यू झाला. त्यात बारा लेकरं.

पुन्हा ग्रामसभा भरली. या वेळी नव्या सभागृहाच्या पायऱ्यांवर, म्हणजे माझ्याच पाठीवर. सगळे घाबरलेले होते. कुणी फवारणीचं बोलत होतं, कुणी ग्रामसेवकाला जाब विचारत होतं. भगवानराव कोपऱ्यात बसले होते. एकाएकी ते म्हणाले, "चिबड तर बुजवलं ना आपण? मग हे डास आले कुठून?"

उत्तर सुकेशनीकडे होतं. तिने आताही मान खाली घातली होती.

तेवढ्यात राजेश्री उठली. घरच्या पुरुषांसमोर ती सभेत कधी बोलली नव्हती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"मामा, आळ्या आपल्या टाकीत होत्या," ती सासऱ्यांना म्हणाली.

"काय म्हणायलीस?"

"मागल्या दाराच्या टाकीत. सृष्टी तिथंच पाणी खेळायची. सुकेशनीताईनं मला दोनदा सांगितलं. ती मासे बी घेऊन आली होती, टाकीत सोडायला. मीच नको म्हणले." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मी तिचा हात पाण्याला लागू दिला न्हाई, मामा. चिबडाचं काही न्हवतं त्यात. मला त्याच दिशी ठाऊक होतं. तुमी चिबडाला बोल लावला आन्‌ मला बरं वाटलं. माझ्यावर कुणी बोट दाखवलं न्हाई म्हणून बरं वाटलं. आता ह्या बारा लेकरांच्या आयांकडं मला बघवत न्हाई."

भगवानराव उठले ते सुनेकडे गेले नाहीत. बायांच्या घोळक्याशी जाऊन सुकेशनीसमोर उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं, बापू."

"मग काहून बोलली न्हाईस त्या दिशी? उठली होतीस की तू."

सुकेशनीने राजेश्रीकडे पाहिलं. "तिचं लेकरू गेलं होतं, बापू. सगळ्या गावापुढं तिला कसं म्हणू, तुझ्याच टाकीपायी गेलं म्हणून? जगली असती का ती?"

भगवानराव तिथेच, खाली मुरमावर बसले. म्हातारा माणूस पाय लांब करून बसतो तसे. त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. माझ्याशी ते काही बोलले असतील, असं तुम्हाला वाटेल. नाही बोलले. पण दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हात लावला होता.

आता तुम्ही विचाराल, पुढे सगळं नीट झालं ना? गोष्टीत तसं होतं. दुसऱ्या दिवशी भगवानराव प्लॉट घेतलेल्यांच्या दारोदार गेले. जमीन परत द्या म्हणाले. लोकांनी त्यांना चहा पाजला. घरं उभी राहिली होती, कुणी सोडणार? सभागृह तर सरकारी कामातून झालेलं. ते पाडायचं नाव काढायलाही कुणी तयार नव्हतं. शेवटी त्यांच्याकडे उरलेला कडेचा एक एकर त्यांनी उकरून घेतला. त्यात पावसाचं पाणी साठतं आणि पौष लागायच्या आत नाहीसं होतं. माझा चिकण गाळ यंत्राने फाटला आहे, तो पाणी धरत नाही. ज्या गाळाला बसायला हजारो पावसाळे लागले, तो कुणी पंधरा दिवसांत शिवून देणार नाही. परवा तिथे एक शेकाटा उतरला होता. चोच घालून बघितली आणि उडाला.

राजेश्री आणि सुकेशनी आता दोघी मिळून घरोघर टाक्या बघत फिरतात. लोक त्यांना हात घालू देतात. ते चांगलं झालं. त्यासाठी एक लेकरू आणि मी, एवढं लागलं.

सुकेशनीला मी दोष देऊ शकत नाही. एका आईला वाचवण्यासाठी ती गप्प बसली. पण मित्रांनो, दया आणि गप्प बसणं यांच्यामध्ये तिसरी एखादी वाट असेलच. ती मागाहून राजेश्रीच्या घरी जाऊन बोलू शकली असती. भगवानरावांना एकट्याला गाठून सांगू शकली असती. दिवाळीपर्यंत महिनाभर होता. ती वाट कुणी शोधली नाही, सरांनी नाही, ठराव लिहिणाऱ्यांनी नाही. सगळ्यांना दुःखी माणसाचं मन मोडायचं नव्हतं. मला मोडणं सोपं होतं.

माझ्यावर निबंध लिहू नका. माझ्या भाषणाला टाळ्याही वाजवू नका, त्या मी ऐकल्या आहेत. तुमच्या गावाजवळ अशी एखादी जागा असेल. कागदावर ती पड असेल. मोठी माणसं नाकाला पदर लावून तिच्याजवळून जात असतील. एखाद्या रविवारी तिथे जा आणि चपला काढून उभे राहा. पायाच्या बोटांमधून गार पाणी वर आलं, तर समजा ती जिवंत आहे. मग घरी या आणि ज्याच्या हातात तिचं मरण आहे, त्याला जाऊन सांगा. हलक्या आवाजात सांगा, त्याचं मन राखून सांगा, पण सांगा. टिप्पर यायच्या आधी.